घर त्यांचं, आई मात्र दुसरीच!

मालिकेतल्या घरात कधी गॅस संपत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? दूध उतू जात नाही, कामवाली खाडा करत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाची कंपासपेटी हरवत नाही. आणि तरीही कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता आपण पडद्याकडे बघून म्हणतो, "अगंबाई, हे तर अगदी आमच्याच घरातलं!" ते खोटंही नसतं. लिहिणारी मंडळी घरांतूनच तर सगळं उचलतात. सासूचं तिरकं बोलणं, नवऱ्याचं मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसणं, धाकट्याचे हट्ट... त्यांना तरी दुसरीकडे कुठं मिळणार? प्रश्न एवढाच, की उचलताना ते काय घेतात आणि काय तिथंच टाकून देतात?

या प्रश्नाचं चोख उत्तर मला सापडलं ते एका अमेरिकन कुटुंबाच्या हकिगतीत. कुटुंबाचं नाव काउसिल. रॉक संगीत आणि दूरचित्रवाणी ही दोन्ही प्रकरणं आपल्या ओट्यापासून तशी लांबचीच. पण इथं ती दोन्ही एकाच घरातून निघाली, आणि त्या घरात सात मुलांचं करणारी एक आई होती. म्हणून ही हकिगत तुमच्यापुढं मांडावीशी वाटली.

न्यूपोर्टचं बिऱ्हाड

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. त्यातलं न्यूपोर्ट हे समुद्रकाठचं गाव, शिडाच्या होड्यांचं आणि नौदलाचं. बड काउसिल हे गृहस्थ अमेरिकेच्या नौदलात होते, आणि बार्बराबाई घरात. नौदलातल्या माणसाच्या बायकोला संसाराचा गाडा कसा एकटीनं ओढावा लागतो, हे कुलाब्याच्या नाहीतर लोणावळ्याच्या वसाहतीतल्या भगिनींना मी सांगायला नको. थोरला बिल १९४८ चा. १९४९ मध्ये बॉब आणि रिचर्ड हे जुळे. मग पॉल, बॅरी, जॉन आणि सर्वांत धाकटी सुझन, १९५९ ची. अकरा वर्षांत सात बाळंतपणांऐवजी सहा झाली, ती जुळ्यांच्या कृपेने!

वडिलांनी थोरल्या मुलांच्या हाती गिटारी दिल्या. पोरांचे गळे मुळातच गोड, आणि भावाभावांचे आवाज एकमेकांत असे मिसळत, की कुठला कुणाचा ते ओळखू येऊ नये. सख्ख्या भावंडांच्या गाण्यात ही गंमत असतेच. आरती म्हणताना आपल्या घरातसुद्धा ती कळते.

त्यातच ९ फेब्रुवारी १९६४ चा रविवार उजाडला. इंग्लंडहून आलेले बीटल्स त्या रात्री एड सलिव्हनच्या कार्यक्रमात दिसले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी ते घरबसल्या पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गावोगावची मुलं गिटारीसाठी हटून बसली. गॅरेजमधून, माळ्यावरून ढोलांचा धडधडाट सुरू झाला. म्हणजे बघा, रॉक संगीत घरात शिरलं तेच मुळी दिवाणखान्यातल्या पेटीतून. पुढं त्याच पेटीनं ते घरातून परत मागून घेतलं.

काउसिल बंधूंनी १९६५ च्या सुमारास आपला वाद्यवृंद उभा केला. बिल, बॉब, बॅरी आणि जॉन. बीटल्सची गाणी गात ते न्यूपोर्टमध्ये जिथं बोलावतील तिथं जात. बडसाहेब वीस वर्षांची नौकरी आटोपून घरी आले आणि मुलांचे व्यवस्थापक झाले. खरं सांगायचं, तर जहाजावरचा हुकूम त्यांनी घरात आणला.

आई गाऊ लागली

१९६७ मध्ये एम.जी.एम. या मोठ्या कंपनीत मुलांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ठरलं. त्या वेळी बार्बराबाईंनाही गायला उभं करण्यात आलं. वय एकोणचाळीसच्या आसपास, पदरी सात मुलं, बांधा लहानखुरा. पुढं सगळे त्यांना "मिनी मॉम" म्हणू लागले. 'द रेन, द पार्क अँड अदर थिंग्ज' हे ते गाणं. पावसात भेटलेल्या एका मुलीचं, फुलाफुलांचं, अगदी निरागस. त्याच्या दहा लाखांहून जास्त तबकड्या खपल्या आणि अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पाठोपाठ पॉल आणि सुझनही वाद्यवृंदात आले. सुझन तेव्हा आठ वर्षांची! आपल्याकडं या वयाच्या मुली वेणीची रिबीन स्वतःची स्वतः बांधायला शिकत असतात.

१९६८ मध्ये 'इंडियन लेक', १९६९ मध्ये 'हेअर'. यशामागून यश. वर्षाला जवळजवळ दोनशे कार्यक्रम होऊ लागले. दोनशे! आपल्याला वर्षातून दोन लग्नांना सहकुटुंब जायचं म्हटलं तरी बॅगा भरताना नाकी नऊ येतात. आईसकट सगळे जण गाणारे, तेव्हा डबे कोण भरत असेल, कपडे कोण धूत असेल, कुणाला ताप आला तर कोण जागत असेल, हे मला कुठंच वाचायला मिळालं नाही. ते तुम्हीच ओळखा.

रॉक संगीत म्हणजे लांब केस, बंडखोरी आणि आईवडिलांशी भांडण, असा तो काळ होता. त्यात ही आई मधोमध उभी आणि भोवती मुलं! अमेरिकेतल्या दूध उत्पादकांच्या संघटनेनं तर या कुटुंबाला आपल्या जाहिरातीत घेतलं. दूध प्या, आईचं ऐका, गाणी गा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, की यांच्या घरी सुखाच्या घागरी भरल्या आहेत.

"आई आम्ही आमची आणू"

स्क्रीन जेम्स ही मालिका काढणारी कंपनी. तिनं १९६६ मध्ये मंकीज नावाचा एक आख्खा वाद्यवृंदच पडद्यासाठी तयार करून खूप पैसा मिळवला होता. तिची नजर आता काउसिलांच्या घरावर पडली. आई आणि तिची गाणारी मुलं, घरातली भांडणं, गॅरेजमधल्या तालमी... मालिकेला आणखी काय हवं? १९६९ मध्ये बोलणी सुरू झाली. मुलांनी स्वतःचीच कामं करावीत असा बेत होता.

आणि मग अट निघाली. आईचं काम बार्बराबाई करणार नाहीत. ते शर्ली जोन्स करतील.

शर्ली जोन्स म्हणजे साधीसुधी नटी नव्हे. 'एल्मर गँट्री' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालेली, गळ्यानं गोड, दिसायला देखणी. धंद्याच्या हिशेबानं कंपनीचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण जरा कल्पना करून पाहा. तुमची मुलं, तुमचं घर, तुमच्या घरातल्या गमती सगळं त्यांना हवंय. नकोय ती फक्त घरवाली! माझ्या सासूबाईंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. क्षणभर हात थांबवून म्हणाल्या, "अगं, मग घर तरी कशाला घेतात? आईबरोबरच घर घ्यायचं म्हटलं, तर त्यांना सोसत नाही होय!"

काउसिलांनी नकार दिला. आई नाही तर आम्हीही नाही. पैसा आणि घरोघरी पोचणारी प्रसिद्धी समोर असताना दिलेला हा नकार मला त्या कुटुंबाच्या साऱ्या गाण्यांपेक्षा मोठा वाटतो.

पडद्यावरचं कुटुंब

घर मिळालं नाही म्हणून कल्पना कुणी टाकून देत नाही. बर्नार्ड स्लेड या लेखकानं तीच कल्पना बेतून नवं कुटुंब रचलं आणि २५ सप्टेंबर १९७० रोजी 'द पार्ट्रिज फॅमिली' ही मालिका ए.बी.सी. वाहिनीवर सुरू झाली. पाच मुलं. त्यांची आई शर्ली विधवा, बँकेत नोकरी करणारी. मुलं गॅरेजमध्ये गाणं बसवतात, त्यांना एक गायिका कमी पडते म्हणून आईला ओढतात, आणि बघता बघता सगळे प्रसिद्ध होतात. शाळेची जुनी बस विकत घेऊन, ती लाल-पिवळ्या-निळ्या चौकटींनी रंगवून, गावोगाव हिंडतात. मालिका १९७४ पर्यंत चालली, ९६ भाग झाले.

गायला मात्र खरोखर दोघंच होती. शर्ली जोन्स आणि थोरल्या मुलाचं काम करणारा डेव्हिड कॅसिडी. बाकीची मुलं नुसती ओठ हलवत, आणि वाद्यं वाजवणारे हॉलिवूडमधले कसलेले वादक पडद्याआड असत. तरीसुद्धा 'आय थिंक आय लव्ह यू' हे त्यांचं गाणं नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. काउसिलांची धाव दुसऱ्या क्रमांकाशी थांबली होती. त्यांच्या सावलीनं पहिला पटकावला. आणि गंमत पुढंच आहे. हे गाणं रचणारा टोनी रोमिओ हाच काउसिलांच्या 'इंडियन लेक'चाही गीतकार होता!

आणखी एक गोष्ट सांगू का? पहिल्या वर्षानंतर ख्रिस या धाकट्या मुलाचं काम करणारा मुलगा बदलला. दुसराच मुलगा येऊन ढोल वाजवू लागला आणि घरात कुणी 'हा कोण?' असं विचारलंसुद्धा नाही. आपल्या मालिकांत नवरे बदलतात, तसंच.

मालिका वाईट होती असं मात्र मी म्हणणार नाही. विधवा बाई रंगीत पोशाख घालते, मुलांबरोबर गाते, कमावते, हसते, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाही. १९७० साली आपल्याकडच्या किती घरांत हे चाललं असतं? शर्ली जोन्स यांना त्याआधी 'द ब्रेडी बंच' या दुसऱ्या कौटुंबिक मालिकेतल्या आईचं कामही आलं होतं. ते त्यांनी नाकारलं. भट्टीतून भाजलेलं मांस काढून टेबलावर ठेवणारी आई त्यांना व्हायचं नव्हतं. म्हणजे खऱ्या आईची जागा घेणारी ही बाईसुद्धा आपल्या परीनं एक लढाई लढतच होती. तिच्यावर राग काढून उपयोग नाही.

माझ्या मनात घोळत राहिली ती दुसरी बाब. पार्ट्रिजांच्या घरात वडील नाहीत. ते वारले आहेत, आणि त्यांचं दुःखही फारसं कुणी करताना दिसत नाही. घर कसं हलकंफुलकं. व्यवस्थापक आहे तो घराबाहेरचा, रूबेन किन्केड. त्याला मुलांचा राग येतो, पण मुलांना त्याची भीती वाटत नाही.

खऱ्या घरात व्यवस्थापक कोण होता, ते वर सांगितलंच आहे.

बंद दारामागे

पुढं मुलांनी जे सांगितलं, ते २०११ मध्ये या कुटुंबावर निघालेल्या अनुबोधपटात नोंदलेलं आहे. वडील दारू पीत. मुलांना मारत. घरात त्यांच्या शब्दापुढं कुणाचं चालत नसे. जुळ्यांपैकी एकाला, बॉबला, त्यांनी गायला घेतलं आणि रिचर्डला घेतलंच नाही. एकाच दिवशी जन्मलेली दोन मुलं. एक झगझगीत दिव्यांत, दुसरा बाहेर. रिचर्ड सैन्यात गेला आणि व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आला. त्याची बाजू वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकलं. १९६९ मध्ये थोरल्या बिललाही बापानं वाद्यवृंदातून काढून टाकलं. गाण्यांचा कणाच तो होता. त्याच्यामागं वाद्यवृंद दोन-तीन वर्षं कसाबसा चालला आणि मोडला. इतकी वर्षं इतके कार्यक्रम करून मुलांच्या हाती पैसा म्हणावा असा उरला नव्हता. हिशेब वडिलांकडं होता.

आता पुन्हा दुधाची जाहिरात डोळ्यांपुढं आणा.

मी आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत मराठी आणि समाजशास्त्र शिकवते. 'माझे कुटुंब' हा निबंध दरवर्षी असतोच. चाळीस वह्यांत चाळीस वेळा मी वाचते की बाबा शिस्तप्रिय आहेत, आई प्रेमळ आहे आणि आजी गोष्टी सांगते. एखादीची वही वाचताना मात्र पेन थांबतं. मुलीनं काही लिहिलेलं नसतं. फक्त बाबांबद्दलचं वाक्य तिनं दोनदा खोडलेलं असतं. काय लिहावं आणि काय गाळावं, हे त्या चौदा वर्षांच्या पोरीला मालिका लिहिणाऱ्यांइतकंच चांगलं कळतं. अशा वहीवर 'छान' असा शेरा मारून मला पुढं जाता येत नाही. डब्याच्या सुट्टीत तिला काहीतरी निमित्तानं बोलावते. कधी ती बोलते, बऱ्याचदा नाही.

म्हणूनच बार्बराबाईंबद्दल मी दोन्ही बाजूंनी विचार करते. मुलं मार खात होती तेव्हा आई काय करत होती, असा प्रश्न आपल्यापैकी काही जणी विचारतील, आणि तो चुकीचा नाही. पण सात मुलं, हातात स्वतःचा पैसा नाही, नवराच घरधनी आणि नवराच धंद्यातला मालक... अशा बाईपुढं कोणती वाट मोकळी होती, तेही विचारावं लागेल. तिची मुलं मोठेपणी बापाबद्दल कडवट बोलली. आईला मात्र त्यांनी शेवटपर्यंत आपली म्हटली.

मालिकेच्या बाजूलाही एक बंद दार होतंच. दहा-अकरा वर्षांच्या चुणचुणीत डॅनीचं काम करणाऱ्या डॅनी बोनाड्यूसीला खऱ्या घरी बापाचा मार बसत असे. पुढं त्यानं स्वतःच ते सांगितलं. पडद्यावर त्याच्याशी सतत भांडणारा रूबेन किन्केड, म्हणजे डेव्ह मॅडन हा नट, त्याला अधूनमधून आपल्या घरी राहायला नेत असे. डेव्हिड कॅसिडीची तर निराळीच तऱ्हा. पडद्यावर त्याची आई झालेल्या शर्ली जोन्स प्रत्यक्षात त्याच्या सावत्र आई होत्या. त्याच्या वडिलांचं त्यांच्याशी दुसरं लग्न झालं होतं. म्हणजे ज्या घराला 'बापच नाही' म्हणून इतकं हसतं-खेळतं केलं होतं, त्यातल्या मुलांनी आपापले बाप बरोबर आणलेच होते.

मागे राहिलेले

बार्बराबाईंचा शेवट आरिझोना राज्यातल्या टेंपे गावी झाला, ३१ जानेवारी १९८५ रोजी, फुप्फुसांच्या विकारानं. वय अवघं ५६. त्या तिथं एका शुश्रूषागृहात नोकरी करत होत्या. ज्यांच्या गाण्याच्या लाखो तबकड्या खपल्या, त्या बाई म्हाताऱ्या-आजाऱ्यांची उस्तवार करून पोट भरत होत्या. त्यांच्या घरावरून निघालेल्या मालिकेचे जुने भाग तेव्हाही दाखवले जात. बडसाहेब १९९२ मध्ये गेले.

मुलांच्या वाट्याला बरं-वाईट दोन्ही आलं. बॅरी न्यू ऑर्लिन्समध्ये राहत होता. ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळात तो नाहीसा झाला आणि त्याचा मृतदेह सापडायला डिसेंबर उजाडला. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूपोर्टला त्याच्या स्मरणार्थ सगळे जमले असतानाच कॅनडातून बातमी आली, की थोरला बिलही गेला. रिचर्ड २०१४ मध्ये गेला. जॉन पुढं बीच बॉइज या नामवंत वाद्यवृंदात बरीच वर्षं ढोल वाजवत होता. बॉब, पॉल आणि सुझन या तिघांनी मात्र काउसिल हे नाव पुन्हा उभं केलं आणि म्हातारपणाच्या उंबरठ्यावर गावोगाव जाऊन तीच गाणी म्हटली. २०१३ मध्ये ऱ्होड आयलंडनं आपल्या संगीतातल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव घातलं.

आजकाल आपल्याही घरांत मोबाईल उभा करून मुलांची गाणी-नाच टिपणं चालतं. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या आयांनी तर त्यावर बऱ्यापैकी पैसेही मिळवलेत. मुलाचा गळा चांगला असेल तर तो चारचौघांत ऐकवावा असं कुणाला वाटणार नाही? मी तर म्हणेन जरूर ऐकवावा. फक्त, मुलानं 'आज नको' म्हटलं तर ते 'आज नको' घरात कोण ऐकतं आणि मिळालेल्या पैशाचं पासबुक कुणाच्या कपाटात आहे, एवढं आधी बघून घ्यावं. काउसिलांच्या घरी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात होत्या.

'द रेन, द पार्क अँड अदर थिंग्ज' हे गाणं आता मोबाईलवर सहज मिळतं. दुपारची भांडी आवरल्यावर, घरात कुणी नसताना एकदा ऐका. पुढं थोरल्या बिलचा आवाज आहे. त्याच्या मागं जे सूर एकमेकांत गुंफलेले ऐकू येतात, त्यांत त्या बाईंचाही एक आहे.